शत्रू आकाशातला, विवर लोणारचे

२०२५ सालच्या दिवाळीच्या आगेमागे घरोघरीच्या मोबाइलवर एक बातमी फिरत होती. सूर्यमालेच्या बाहेरून एक वस्तू आपल्या दिशेने येत आहे, ती धूमकेतू नसून परग्रहावरचे यान आहे आणि शास्त्रज्ञ हे लपवीत आहेत, असा तिचा आशय. बातमीला आधार अगदीच नव्हता असे नाही. १ जुलै २०२५ रोजी चिलीमधील 'अ‍ॅटलास' दुर्बिणीला खरोखरच असा एक पाहुणा दिसला होता. दुसऱ्या ताऱ्याच्या अंगणातून आपल्याकडे आलेली, माणसाने ओळखलेली ही तिसरीच वस्तू. पहिली २०१७ साली आली, दुसरी २०१९ साली. हार्वर्ड विद्यापीठातील अ‍ॅव्ही लोब या खगोलशास्त्रज्ञांनी ती कृत्रिम असू शकेल अशी शंका जाहीरपणे मांडली आणि मग काय विचारता? शंकेची बातमी झाली, बातमीची खात्री झाली आणि खात्रीचे चित्र निघाले. चित्रात एक काळेकभिन्न यान पृथ्वीवर झडप घालत होते.

पाहुणा ऑक्टोबरअखेर सूर्याला वळसा घालून गेला. १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळ आला तेव्हाही आपल्यात आणि त्याच्यात सुमारे २७ कोटी किलोमीटरचे अंतर होते. नासाने तो धूमकेतूच असल्याचे सांगितले. मोबाइलवरची चित्रे पुसली गेली. पण ते काळे यान लोकांच्या डोळ्यांसमोर इतक्या चटकन उभे राहिले कसे, हा प्रश्न उरतोच. कारण ते आपण आधीच पाहिलेले होते, चित्रपटगृहात आणि नंतर दूरचित्रवाणीच्या इंग्रजी वाहिन्यांवर, रविवारी दुपारी जेवणानंतर.

२०१२ साली आलेला 'बॅटलशिप' हा अशा चित्रपटांतला एक ठळक नमुना. दिग्दर्शक पीटर बर्ग. खर्च वीस कोटी डॉलरहून अधिक. कथेचे बीज घेतले होते मुलांच्या एका खेळातून. चौकटी आखलेल्या कागदावर आपापली जहाजे लपवायची आणि एकमेकांच्या चौकटींवर अंदाजाने गोळे टाकायचे, असा तो खेळ. त्यावर दोन तासांचा चित्रपट उभा करायचा म्हणजे शत्रू हवा. तो आणला थेट आकाशातून. शास्त्रज्ञ दूरच्या एका ग्रहाकडे संदेश पाठवतात, उत्तरादाखल पाच याने येतात. एक वाटेत आपल्याच उपग्रहावर आदळून फुटते आणि त्याचे तुकडे हाँगकाँगवर कोसळतात. उरलेली चार हवाई बेटांजवळ समुद्रात उतरतात. त्याच वेळी तेथे अनेक देशांच्या नौदलांचा संयुक्त सराव चालू असतो. याने एक अदृश्य घुमट उभारतात आणि घुमटाच्या आत तीनच युद्धनौका सापडतात, दोन अमेरिकन, एक जपानी. पुढचे सांगायला नको.

समीक्षकांनी या चित्रपटाची फारशी गय केली नाही आणि अमेरिकेत तो आपटलाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी मला दखल घेण्याजोग्या वाटतात. पहिली अशी, की रडार निकामी झाल्यावर शत्रूची जागा शोधण्यासाठी नौसैनिक समुद्रात तरंगणाऱ्या त्सुनामीच्या इशारा-यंत्रांचा उपयोग करतात. पाणी कुठे वर उचलले जाते ते पाहायचे आणि चौकट हेरायची. ही कल्पना सांगतो जपानी अधिकारी. भूकंप आणि सागरी लाटा यांच्याशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, त्यांनाच हे सुचावे यात औचित्य आहे. २००४च्या डिसेंबरनंतर आपल्यालाही या यंत्रांचे मोल कळले. हैदराबादचे आपले त्सुनामी इशारा केंद्र २००७ साली सुरू झाले.

दुसरी गोष्ट 'मिसूरी'ची. आधुनिक नौका बुडाल्यावर नायक बंदरातल्या संग्रहालयात उभी असलेली जुनी युद्धनौका बाहेर काढतात आणि पांढऱ्या केसांचे निवृत्त नौसैनिक ती चालवतात. 'मिसूरी' ही काल्पनिक नौका नव्हे. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात तिच्याच डेकवर जपानने शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या. १९९२ साली ती सेवेतून निवृत्त झाली आणि १९९९पासून पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे. चित्रपटात तिच्यावरून जपानी अधिकारी अमेरिकनांच्या खांद्याला खांदा लावून लढतो. बटबटीत चित्रपटात एवढे सूचक दृश्य अपघातानेच आले असावे.

हे पाहताना मराठी प्रेक्षकाला 'विक्रांत' आठवल्याशिवाय राहत नाही. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत संग्रहालय म्हणून ती काही वर्षे उभी होती, शाळकरी मुले रांगा लावून तिच्यावर चढत. २०१२ साली, म्हणजे 'बॅटलशिप' आला त्याच साली, ते संग्रहालय बंद झाले. २०१४ साली नौका दारूखान्यात तोडायला गेली. तिच्या धातूच्या पुढे मोटारसायकली निघाल्या. नव्या 'विक्रांत'ने २०२२ साली नाव पुढे चालवले हे खरे, पण परग्रहावरून कोणी आलेच तर संग्रहालयातून बाहेर काढायला आपल्याकडे ती जुनी उरलेली नाही! असो.

ज्या सरावाच्या पार्श्वभूमीवर चित्रपट घडतो तो सराव खरा आहे. दर दोन वर्षांनी हवाई बेटांजवळ तो भरतो. चित्रपट आल्यानंतर दोनच वर्षांनी, २०१४ साली, भारताची युद्धनौका प्रथमच त्यात उतरली. तिचे नाव 'सह्याद्री'. २०२२ साली गेली ती 'सातपुडा'. हवाईच्या समुद्रात आपल्या डोंगरांची नावे फिरून आली, ही बातमी आपल्याकडे जेमतेम चार ओळींत छापली गेली असेल.

पण नौदलाने परग्रहवासीयांशी लढण्याची कल्पना हॉलिवुडची नव्हे. ती सव्वाशे वर्षांपूर्वीची, आणि इंग्रजांची. एच. जी. वेल्स यांची मंगळावरून झालेल्या स्वारीची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर 'थंडर चाइल्ड' नावाची युद्धनौका निर्वासितांची जहाजे निसटावीत म्हणून मंगळवासीयांच्या तीन पायांच्या यंत्रांवर धावून जाते आणि बुडते. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य आरमाराचे हे भवितव्य लिहायला धैर्य लागले असेल. वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे. गोऱ्यांनी त्यांचे जे केले तेच कोणी गोऱ्यांचे केले तर, असा त्या गोष्टीचा रोख. तेव्हा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात होता आणि वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. मंगळवासी म्हणजे कोण आणि इंग्लंड म्हणजे कोण, हे आपल्या पणजोबांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

वेल्स यांच्या कादंबरीत मंगळवासी तोफांनी मरत नाहीत, पृथ्वीवरच्या सूक्ष्म जंतूंनी मरतात. 'बॅटलशिप'मध्ये ते तोफांनी मरतात. शंभर वर्षांत परग्रहवासीयांच्या गोष्टीत पडलेला हा फरक मला मोठा वाटतो. गोष्ट विनयाकडून बळाकडे सरकली. आणखी एक बारीकशी बाब. 'बॅटलशिप' नीट पाहिला तर यानातून आलेले प्राणी आपल्यावर रोखलेले शस्त्र दिसले तरच मारतात. ज्याच्यापासून धोका नाही त्याला सोडून देतात. पहिला इशाऱ्याचा गोळाही माणसाच्याच नौकेवरून सुटतो. पण चित्रपट त्यावर क्षणभरही थांबत नाही. त्याला शत्रू हवा असतो, आणि शत्रू म्हणजे हेतू. हेतू असलेल्याशीच लढता येते.

आकाशातून आपल्याकडे आजवर जे खरोखर आले त्याला हेतू नव्हता. याचा पुरावा आपल्याच राज्यात, समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, लोणारला आहे.

लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एक प्रचंड परात मनात आणावी. तिची रुंदी सुमारे १८०० मीटर, खोली सव्वाशे-दीडशे मीटर. आजूबाजूला बुलढाणा जिल्ह्याची सपाट काळी जमीन, कापसाची नि सोयाबीनची शेते, आणि मधेच जमीन पायाखालून नाहीशी होते. काठावर उभे राहिले की खाली झाडीचे कडे आणि मध्यभागी हिरवट पाणी. पाणी खारट आणि क्षारयुक्त. समुद्र नसलेल्या मुलखात खारे पाणी! वरच्या काठाजवळ गोमुखातून मात्र गोड्या पाण्याची धार वाहते, तिला 'धार' असेच नाव आहे. खाली काठाला कमळजा देवीचे देऊळ. गावात दैत्यसूदनाचे जुने दगडी मंदिर.

त्या मंदिरामागची कथा लोणारमध्ये लहान पोरालाही पाठ असते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत दडून राहत असे आणि वर येऊन लोकांना छळत असे. देवांनी धावा केला. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, लवणासुराच्या बहिणींकडून त्याच्या बिळाचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचे झाकण उडवले आणि दैत्याला ठार केले. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. खारे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त. ही कथा ऐकताना 'बॅटलशिप'ची आठवण होते ती उगाच नव्हे. दडून बसलेला शत्रू, त्याचा शोध, एक निर्णायक प्रहार, आणि प्रहाराची खूण म्हणून उरलेला खड्डा. साचा तोच. फरक एवढाच, की आपल्या पूर्वजांनी आधी खड्डा पाहिला आणि मग त्याला शत्रू जोडला. हॉलिवुड आधी शत्रू तयार करते आणि मग खड्डे पाडत सुटते. आणि एक गोष्ट कथाकारांच्या पदरात टाकलीच पाहिजे. इथे काहीतरी प्रचंड जोराचे घडले, ते एका क्षणात घडले आणि माती-दगड दूरवर उडाले, एवढे त्यांनी बरोबर ताडले होते. साहेबाच्या विज्ञानाला तेवढे ताडायला दीडशे वर्षे लागली.

ही दीडशे वर्षांची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. नंतर एकामागून एक भूगर्भतज्ज्ञ येत राहिले. जवळजवळ सगळ्यांचे मत एकच, हा ज्वालामुखीचा उद्योग. त्यांना दोष देता येत नाही. दख्खनचे सारे पठारच लाव्हाच्या थरांचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याचा झाला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. अशा मुलखात गोल खड्डा दिसला तर ज्वालामुखीच आठवणार. कोणी म्हणाले मुख आहे, कोणी म्हणाले वाफेचा स्फोट झाला, कोणी म्हणाले खालची पोकळी ढासळली. पण लोणारचा खड्डा पठारापेक्षा फारच अलीकडचा. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यावर एकाच ठिकाणी, तेवढ्यापुरता स्फोट कसा होईल, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

१८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञाच्या लक्षात आले की अ‍ॅरिझोनातले मोठे विवर आणि लोणारचे विवर यांत विलक्षण साम्य आहे. गंमत अशी की गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटाचेच ठरवले होते! दोन भावंडे त्यांनी बरोबर ओळखली, बाप मात्र चुकीचा सांगितला. अ‍ॅरिझोनाचे कोडे १९६०च्या सुमारास युजीन शूमेकर यांनी सोडवले. मग लोणारकडे नजर वळणे ओघानेच आले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ यांनी मिळून काम केले. सरोवराच्या तळाशी भोके पाडून खालचा दगड वर काढला. १९७३ साली त्यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि वाद मिटला.

मिटला तो कशामुळे? मॅस्केलिनाइट नावाच्या एका पदार्थामुळे. बसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्याच्यावर अफाट दाबाची लाट एका क्षणात आदळली तर ते वितळण्याआधीच काचेसारखे होते, त्याचा स्फटिकी आकार तसाच राहतो पण आतली शिस्त मोडते. एवढा दाब कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो येतो फक्त आकाशातून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेल्या धोंड्याच्या आघाताने. उल्कापाषाण स्वतः जवळपास सगळा वाफ होऊन गेला. म्हणजे मारेकरी गायब, हत्यारही गायब, आणि गुन्हा शाबीत झाला तो जखमेच्या कडेवरून. पोलिसी कथेला शोभेल असा हा तपास आपल्या शालेय पुस्तकांत दोन वाक्यांत का उरकला जातो, कळत नाही.

वयाचा वाद मात्र अजून पुरता मिटलेला नाही. एका पद्धतीने ते पन्नासेक हजार वर्षे भरते. २०११ साली आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढलेले वय मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटीहून अधिक फरक! हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. असे आघात पृथ्वीवर किती वर्षांनी एकदा होतात, याचा हिशेब अशाच विवरांच्या वयावरून मांडला जातो. आणि लोणारचे मोल जगाला वाटते ते आणखी एका कारणाने. चंद्राची काळी मैदाने आणि मंगळाची बरीचशी भूमी बसाल्टचीच आहे. बसाल्टवर झालेला आघात इतक्या सुस्थितीत पृथ्वीवर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो. म्हणून मंगळ समजून घ्यायला लोक लोणारला येतात. वेल्स यांनी मंगळ इंग्लंडवर आणला होता, बुलढाणा जिल्ह्यात तो आयताच आहे.

लोणारचा धोंडा केवढा होता? एका अंदाजाने त्याचा व्यास ६० मीटरच्या आसपास असावा. हा आकडा लक्षात ठेवावा.

कारण २७ डिसेंबर २०२४ रोजी त्याच 'अ‍ॅटलास' दुर्बिणींनी एक लघुग्रह हेरला, त्याचाही आकार ६० मीटरच्या घरात भरला. '२०२४ वायआर ४' हे त्याचे नाव. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये वाढत वाढत तीन टक्क्यांच्या वर गेली. एवढ्या आकाराच्या वस्तूबाबत एवढी मोठी शक्यता त्यापूर्वी कधी वर्तवली गेली नव्हती. तो पडलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढला होता तो पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. वृत्तपत्रांनी मुंबईचेही नाव घेतले. त्या महिनाअखेर अधिक निरीक्षणे झाली, कक्षा नेमकी कळली आणि शक्यता शून्यावर आली. बातमीही संपली. धूमकेतूला यान समजून जो समाज महिनोन्‌महिने चर्चा करतो, तो खऱ्याखुऱ्या धोंड्याची बातमी आठवड्यात विसरतो. धोंड्याला चेहरा नसतो, हेच कारण.

धोंड्याशी लढायचे कसे, याचा एक पाठ मात्र माणसाने गिरवला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या 'डार्ट' या यानाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने धडक मारली. यानाचे वजन सहाशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढे. त्यात दारूगोळा नव्हता, फक्त धडक होती. डायमॉर्फस आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे, धडकेनंतर त्याला सुमारे ३२ मिनिटे कमी लागू लागली. एवढासा फरक पुरतो. मात्र धोका काही वर्षे आधी कळायला हवा. शेवटच्या दिवशी 'मिसूरी'च्या नऊ तोफा काय, पृथ्वीवरचे सारे आरमारही उपयोगाचे नाही. (योगायोग पाहा. चित्रपटात नौसैनिकांनी वापरलेल्या त्सुनामी-यंत्रांच्या जाळ्याचे इंग्रजी लघुनावही 'डार्ट'च आहे.)

मराठी वाचकाला हे सारे तसे नवे नाही. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' ही कथा ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल. हौशी निरीक्षक दत्ता यांना धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, जगातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येऊन यान पाठवतात आणि त्याची वाट वळवतात. इकडे घरात मात्र शांतीसाठी होम झालेला असतो आणि संकट त्यानेच टळले अशी घरच्यांची समजूत. 'डार्ट'च्या कितीतरी वर्षे आधी लिहिलेल्या या कथेत तोफ नाही, नायक नाही, शत्रूही नाही. एक दुर्बीण आहे, एक गणित आहे आणि घरातला एक वाद आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्याच वर्षीच्या दिवाळीत यानाची ती अफवा फिरली. त्यांनी तिच्यावर चार ओळींत काय लिहिले असते, याची कल्पना करता येते.

आणि आकाशातून वस्तू पडणे ही लाखो वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट आहे अशा समजुतीतही राहू नये. 'बॅटलशिप' अमेरिकेत प्रदर्शित झाला १८ मे २०१२ रोजी. चारच दिवसांनी, २२ मे रोजी भर दुपारी, नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात खरोखरच आकाशातून दगड पडले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्यांचे तुकडे गोळा केले, त्यांतला सर्वांत मोठा किलोभराचा. दुसऱ्या वर्षी, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा धोंडा हवेतच फुटला आणि पंधराशेच्या आसपास माणसे जखमी झाली. बहुतेक फुटलेल्या काचांनी. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि मागून हवेचा तडाखा आला. आकाशात डोळे दिपवणारा प्रकाश दिसला तर खिडकीपासून दूर व्हावे, ही एक साधी गोष्ट मुलांना सांगून ठेवायला हरकत नाही.

२ एप्रिल २०२२ची रात्र विदर्भात आणि खानदेशात पुष्कळांना आठवत असेल. गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री आकाशातून जळत्या ठिणग्यांची ओळच्या ओळ सरकत गेली. बुलढाणा जिल्ह्यातूनही ती दिसली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले, यानही म्हणून झाले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात माणसाहून मोठी धातूची कडी पडली. जवळपास धातूचे गोळेही सापडले. ती चीनने २०२१ साली सोडलेल्या अग्निबाणाची मोडतोड असावी, असा जाणकारांचा निष्कर्ष निघाला. 'बॅटलशिप'मधले यान आपल्या उपग्रहावर आदळून फुटते. लाडबोरीला यान नव्हते, नुसताच आपला माणसांचा कचरा होता. कडी घरावर पडली नाही हे नशीब.

पवईच्या आयआयटीचे शास्त्रज्ञ आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून लडाखमध्ये हानले येथे एक लहानशी दुर्बीण चालवतात. तिचा आरसा ७० सेंटिमीटरचा. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवरही ती नजर ठेवते. आपल्या बाजूची खरी टेहळणी नौका ही. तिच्यावर चित्रपट निघणार नाही. रात्रभर थंडीत ठिपक्यांची मोजदाद, त्यात पाहण्यासारखे काय?

आता पुन्हा लोणारकडे येतो, कारण परक्यांची स्वारी तिथे सध्याही चालू आहे आणि तिला तोफा नाहीत. वेडी बाभूळ हे दक्षिण अमेरिकेकडचे झाड. आपल्याकडे आले आणि सारे माळरान खाऊन बसले. लोणारच्या विवरातही ते घुसले. मूळच्या झाडीला ते वर येऊ देत नाही. ते काढण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. पण बाभळीपेक्षा चिंता पाण्याची. हे सरोवर म्हणजे बंद भांडे आहे. पाणी आत येते पावसाने आणि झऱ्यांनी, बाहेर जाते फक्त वाफ होऊन. खारेपणा त्यामुळेच साचला. दुसरीकडे वाहून जायला वाट नसल्याने आत जे पडेल ते आतच राहते. काठावरच्या गावाचे सांडपाणी, कपड्यांचा साबण, शेतातली खते, सगळे. नागपूर खंडपीठापुढे याबाबत वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आहेत. २०२०च्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला तो नांदूरमध्यमेश्वरनंतरचा दुसरा.

त्याच वर्षी जूनमध्ये, टाळेबंदीत, सरोवर गुलाबी झाले. तेव्हाही अफवांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि मिठात जगणारे अतिसूक्ष्म जीव माजले होते, त्यांचा तो रंग. पाऊस पडल्यावर तो गेला. वेल्स यांचे मंगळवासी ज्यांच्यापुढे हरले त्यांच्याच जातकुळीतले हे जीव. जगात इतरत्र सहसा जगू न शकणाऱ्यांची अशी एक वसाहत या पाण्यात आहे, आणि ती जगते पाण्याच्या खारेपणावर, क्षारावर. गेल्या काही वर्षांत उलटी बातमी येऊ लागली. पाण्याची पातळी वाढते आहे, ते कमळजा देवीच्या देवळाशी पोहोचले आहे. गावकऱ्यांना देवळाची काळजी, ती रास्तच. पण गोडे पाणी वाढत गेले तर खारेपणा उतरेल, आणि खारेपणा उतरला तर ते जीव जातील. पाणी वाढते आहे ते पावसाने, झऱ्यांनी, की वरून मुरणाऱ्या पाण्याने, याचा नीट हिशेब आधी मांडला पाहिजे. उपाय म्हणून कोणी पंप लावायला सांगेल, कोणी भिंत घालायला. पंप आणि भिंत ही दोन्ही शेवटची औषधे आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे वर्ष लघुग्रहांविषयी जाणीव आणि पृथ्वीचे रक्षण यांसाठी जाहीर केले आहे. त्या वर्षी १३ एप्रिलला अ‍ॅपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरच्या घरातला लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात, तो त्यांच्याही आतून जाणार. आदळणार नाही, हे गणित पक्के झाले आहे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातले लोक तो नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतील. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्या घड्याळात १४ एप्रिलची पहाट असेल, आंबेडकर जयंतीची. सुट्टीचा दिवस. त्या वर्षी मुलांना घेऊन लोणारला जायचे ज्यांनी ठरवले असेल त्यांनी उन्हे चढण्याआधी विवरात उतरावे, पाणी बरोबर ठेवावे, आणि खालचे काळे चकाकणारे खडे आठवण म्हणून खिशात घालू नयेत. मॅस्केलिनाइट तिथेच सापडले होते.